फोटोत तणाव नेमका दिसतो कुठे? बॅटन रूजच्या त्या फोटोबद्दल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा की एम.ए.च्या असाइनमेंटसाठी तुम्हाला एका निदर्शनाच्या फोटोचं विश्लेषण करायचंय, अमेरिकेतले पोलीस आणि कृष्णवर्णीय समाज यांच्यातला तणाव त्यातून कसा पोचतो यावर. तुम्ही जोनाथन बॅकमनचा २०१६ चा बॅटन रूजचा फोटो घेतलात, आठ पानं लिहिलीत, आणि सरांनी समासात एवढंच लिहून परत केलं की हे सगळं तुम्हाला फोटो बघायच्या आधीच माहीत होतं, फोटोत ते कुठे आहे? आणि आता तुम्ही विचारताय की अख्ख्या जगाला जे दिसलं ते मला दाखवता का येत नाहीये.

सर बरोबर आहेत, पण त्यांनी अर्धंच सांगितलंय. तुमची अडचण फोटो न कळण्याची नाहीये, फोटो फार लवकर कळण्याची आहे. बघितल्या बघितल्या अर्थ लागला, आणि मग आठ पानं त्या अर्थाचं समर्थन करण्यात गेली.

मी बावीस वर्षं एका मराठी दैनिकाच्या फोटो डेस्कवर होतो, त्याआधी काही वर्षं स्वतः रस्त्यावर कॅमेरा घेऊन मोर्चे, बंदोबस्त, लाठीमार सगळं केलेलं आहे, आता आठवड्यातून दोन दिवस शिकवतो. अमेरिकेत मी एकही फोटो काढलेला नाही हे आधीच सांगतो. त्यामुळे तिथल्या समाजाबद्दल जे सांगेन ते वाचून, आणि फोटोबद्दल जे सांगेन ते हाताने केलेल्या कामातून. आणि उत्तर थोडंफार तुमच्या कोर्सवरही अवलंबून आहे. पेपर जर्नलिझमचा असेल तर फोटो कसा घडला, कसा छापला याला जास्त जागा द्या, व्हिज्युअल कल्चरचा असेल तर लोकांनी त्याचं पुढे काय केलं याला द्या. मी पहिलं धरून लिहितोय.

ज्यांनी फोटो बघितला नसेल त्यांच्यासाठी. ९ जुलै २०१६, अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातलं बॅटन रूज शहर, पोलीस मुख्यालयासमोरचा हायवे. (या शहराच्या नावाचा फ्रेंचमध्ये अर्थ लाल काठी असा होतो. निबंधात घालू नका, उगाच काव्य होतं, पण मला दर वेळी आठवतं.) एका बाजूला हेल्मेट, चेहऱ्यावर काच, अंगावर जाड चिलखत अशा पोलिसांची रांग. त्या रांगेतून दोन पोलीस पुढे आलेत. त्यांच्यासमोर डांबरी रस्त्यावर एकटी बाई, लांब पातळ उन्हाळी ड्रेस, चष्मा, ताठ उभी, ड्रेसचं टोक वाऱ्याने उडालेलं. तिचं नाव आयेशा इव्हान्स, व्यवसायाने नर्स, एका लहान मुलाची आई, पेनसिल्व्हेनियाहून आलेली. बॅकमन न्यू ऑर्लिन्सचा, रॉयटर्स या वृत्तसंस्थेसाठी काम करत होता. पुढच्या वर्षी या फोटोला वर्ल्ड प्रेस फोटोचं बक्षीस मिळालं.

आता तुम्ही लिहिलेलं वाक्य, "फोटोत पोलिसांची क्रूरता स्पष्ट दिसते". मला सांगा कुठे दिसते? कोणी कोणाला मारत नाहीये. रक्त नाही, धूर नाही, काठी उगारलेली नाही, कोणी जमिनीवर पडलेलं नाही. स्वतः बॅकमनने नंतर सांगितलं की ती काही बोलली नाही, प्रतिकार केला नाही, आणि पोलिसांनीही तिला फरफटत नेलं नाही. म्हणजे घटना म्हणून बघितलं तर रस्ता अडवला म्हणून एका बाईला ताब्यात घेतलं, संपलं. डेस्कवर आलेल्या बातमीत ही एक ओळ झाली असती. त्या दिवशी तिथे शंभरावर लोक ताब्यात घेतले गेले, तिचा नंबर त्यातलाच एक. मग एवढ्या साध्या प्रसंगाचा फोटो बघताना पोटात गोळा का येतो? तुमच्या निबंधाचा खरा प्रश्न हा आहे, पोलीस वाईट का चांगले हा नाही.

मी वर्गात एक उद्योग करायला लावतो, तुम्ही आत्ताच करा. फोटो लॅपटॉपवर मोठा उघडा आणि एक पोस्टकार्ड किंवा सरळ हाताचा पंजा घ्या. आधी पोलीस झाका, सगळे. काय उरलं? एक बाई रस्त्यावर उभी आहे, बऱ्यापैकी शांत, कोणीतरी न्यायला येणार आहे आणि ती वाट बघतेय असं वाटतं. आपल्याकडे रिक्षाची वाट बघत बाया उभ्या असतात तशी. धैर्य वगैरे काही नाही. आता तिला झाका. दोन जाडजूड माणसं कशावर तरी धावून गेलीत पण अंग मात्र मागे रेललंय, पाय पुढे आणि खांदे मागे, घाईत येऊन ब्रेक लागल्यासारखे, थोडे हास्यास्पदच दिसतात खरं तर. समोर काहीच नाही आणि हे तोल सावरतायत. आता हात काढा.

काय झालं बघा. ती शांत आहे ती त्यांच्यामुळे शांत दिसते, आणि ते गडबडलेले दिसतात ते तिच्यामुळे. तणाव तिच्या चेहऱ्यावर नाही आणि त्यांच्या काचांमागे तर काही दिसतच नाही. तणाव मधल्या त्या हातभर मोकळ्या जागेत आहे. अजून स्पर्श झालेला नाही. पुढच्या क्षणी होणार हे आपल्याला पक्कं कळतंय, आणि कसा होणार ते कळत नाहीये. त्याच क्रमातल्या पुढच्या फ्रेम्समध्ये पोलीस तिला धरून नेताना दिसतात, त्या शोधून बघा, चांगले फोटो आहेत पण श्वास रोखून धरावा असं काही होत नाही. कारण प्रश्नाचं उत्तर मिळालेलं असतं.

हे मी अनुभवाने सांगतो, रस्त्यावरच्या फोटोग्राफरला हाणामारीचा फोटो मिळवणं सोपं असतं, हाणामारी चालू झाली की बटण दाबून ठेवायचं, दहातली एक फ्रेम चांगली येतेच. हाणामारीच्या आधीचा फोटो अवघड. कारण तेव्हा बाकीचे सगळे चहा पित असतात. बॅकमनचं तर उलट होतं, गर्दी आणि गोंधळ दुसरीकडे होता, कोणाचं तरी बोलणं कानावर आलं म्हणून त्याने खांद्यावरून वळून बघितलं आणि ही बाई रस्त्यात उभी दिसली. ती हलणार नाही हे त्याला कळलं आणि तो जागा धरून थांबला. त्या "कळलं"मध्ये सगळं कौशल्य आहे. योगायोग म्हणा, पण तयार माणसाचा योगायोग.

तर पहिला मुद्दा हा पकडा, मधली जागा. आणि ती एकट्या याच फोटोत नाहीये. १९६५ चा, अलाबामा राज्यातल्या सेल्मा गावाचा एक फोटो शोधा, स्पायडर मार्टिनने काढलेला, ७ मार्च, एडमंड पेटस पुलावरून मतदानाच्या हक्कासाठी सहाशेच्या आसपास लोक चालत निघाले होते, पुढे नागरी हक्क चळवळीतले होझिया विल्यम्स आणि जॉन लुइस, लांब कोट घालून, हात खाली. समोर राज्य पोलिसांची रांग. मध्ये रिकामा रस्ता. पोलिसांनी पांगायला दोन मिनिटं दिली होती, आणि ती दोन मिनिटंही पुरती होऊ दिली नाहीत. त्या फोटोतही कोणी कोणाला हात लावलेला नाही. रस्त्याचा तो रिकामा तुकडा म्हणजे ती दोन मिनिटं आहेत. जागा दिसते पण वाचताना आपण वेळ वाचतो. बॅटन रूजचा फोटो बघून अमेरिकेतल्या जुन्या लोकांना लगेच काहीतरी ओळखीचं वाटलं त्याचं एक कारण हे, डोळ्यांना ही रचना आधीच माहीत होती. एका बाजूला गणवेशांची ओळ, दुसऱ्या बाजूला साध्या कपड्यातला माणूस, मध्ये रस्ता.

आता कपडे. यावर तुम्ही एकच ओळ लिहिलीत, "तिचा ड्रेस स्त्रीत्वाचं प्रतीक आहे". असेल. पण त्याच्या आधी डोळ्याने जे दिसतं ते लिहा ना. पोलिसांचं शरीर कुठेच दिसत नाही. गुडघा झाकलेला, छाती झाकलेली, डोकं झाकलेलं, चेहऱ्यावर काच. तिचे हात उघडे, चेहरा उघडा, कापड इतकं हलकं की वाऱ्याने उडतंय. म्हणजे संरक्षण कोणाकडे आणि भीती कोणाकडे याचा हिशेब उलटा लागतो. ज्याने अंगावर सगळं चढवलंय तो घाबरलेला वाटतो, जिच्याकडे काही नाही ती निवांत वाटते. आणि दुसरं, पोलिसांची रांग म्हणजे एकाच माणसाच्या झेरॉक्स काढल्यासारखी दिसते, ती मात्र एक व्यक्ती आहे. आपण आपोआप चेहऱ्याच्या बाजूने होतो. ही फोटोची ताकद आहे आणि फोटोची लबाडीसुद्धा, त्याकडे मी येतोच.

त्याआधी फोटोच्या चौकटीबाहेरचं. सरांनी "फोटोत कुठे आहे" म्हटलं म्हणून तुम्ही संदर्भ काढून टाकाल, तसं करू नका. फक्त हे फोटोत आहे आणि हे मी बाहेरून आणतोय असं वेगळं ठेवा. बाहेरचं असं: ५ जुलैला याच शहरात एका दुकानाबाहेर सीडी विकणाऱ्या ऑल्टन स्टर्लिंगला दोन गोऱ्या पोलिसांनी जमिनीवर दाबलं आणि त्यातल्या एकाने गोळ्या घातल्या, लोकांनी मोबाइलवर काढलेले व्हिडिओ देशभर फिरले. दुसऱ्या दिवशी मिनेसोटात फिलँडो कॅस्टीलला पोलिसाने गाडीत गोळ्या घातल्या आणि शेजारी बसलेल्या त्याच्या मैत्रिणीने त्यानंतरचं सगळं फेसबुकवरून लाइव्ह दाखवलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी, ७ जुलैला, डॅलसमध्ये शांततेत चाललेल्या निदर्शनाच्या शेवटी एका बंदूकधाऱ्याने पाच पोलीस मारले. आणि फोटो ९ जुलैचा.

हा क्रम निबंधात आलाच पाहिजे, आणि फक्त पहिल्या दोन घटना घेऊन तिसरी सोडायची नाही. तुमच्या मसुद्यात डॅलस नाहीये. डॅलस घातलं की त्या चिलखताचा अर्थ बदलतो, एकदम उलटा होत नाही पण दुपेडी होतो. निदर्शकाला ते चिलखत म्हणजे आमच्यावर सैन्य आणलं असं दिसतं. हेल्मेटच्या आतल्या माणसाला परवाच पाच जण मेलेत हे आठवत असतं. दोन्ही बाजूंनी तोच पोशाख, दोन वाचनं. तणाव म्हणतात तो हा. एकच बाजू घाबरलेली असेल तर त्याला तणाव नाही म्हणत, त्याला दहशत म्हणतात, आणि मग निबंधाचा विषय वेगळा झाला असता.

शिवाय बॅटन रूज हे कुठलंही एक शहर नाही. तिथे निम्म्याहून जास्त वस्ती कृष्णवर्णीय आहे आणि १९५३ मध्ये, मॉन्टगोमेरीच्या प्रसिद्ध बस-बहिष्काराच्या दोन वर्षं आधी, इथल्या कृष्णवर्णीयांनी रेव्हरंड जेमिसन यांच्या पुढाकाराने सिटी बसवर बहिष्कार टाकला होता. हे एका ओळीत टाका, जास्त नको.

आता लबाडी. माझी स्वतःची सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटणार नाही की मी परदेशातल्यांना नावं ठेवतोय. बरीच वर्षं झाली, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात मोर्चा होता, चेंगराचेंगरी झाली. माझ्या एका फ्रेममध्ये एक हवालदार, उजव्या हातात काठी वर, डाव्या हाताने एका म्हाताऱ्याचं मनगट धरलेलं, म्हाताऱ्याचं तोंड वेदनेने वाकडं. डेस्कने पान एकवर चार कॉलम लावला. मीही खूश. पुढची फ्रेम, तीन-चार सेकंदांनंतरची, माझ्याकडे होती. त्यात तोच हवालदार त्या म्हाताऱ्याला खांद्यावर घेऊन बाजूला नेत होता, काठी वर केली होती ती गर्दीला मागे सारायला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो हवालदार ऑफिसच्या गेटपाशी आला, गणवेशात नव्हता, साध्या शर्टात. भांडला नाही काही नाही. म्हणाला, "साहेब, ह्याच्या पुढचा फोटो काढला नव्हता का?" मी काढला नव्हता असं सांगितलं. ते खोटं होतं.

तेव्हापासून मी कुठलाही फोटो बघताना पहिला प्रश्न हाच विचारतो, याच्या पुढची आणि मागची फ्रेम काय होती. बॅकमनच्या फोटोबाबत या प्रश्नाचं उत्तर चांगलं आहे, मागचं-पुढचं उपलब्ध आहे आणि ते फोटोला खोटं पाडत नाही. पण ते दोन पोलीस "मागे रेललेत" याचं काय? सोशल मीडियावर लोकांनी लिहिलं की तिच्यातल्या अदृश्य शक्तीने ते मागे ढकलले जातायत, सुपरहिरो वगैरे, चित्रंही काढली. तुम्हीही लिहिलंय, "तिच्या तेजापुढे सत्ता मागे हटते". अहो, धावत येऊन थांबणारा प्रत्येक माणूस एका क्षणी मागे रेललेला असतो. शटर सेकंदाच्या काही शतांश भागाचा किंवा त्याहून कमी वेळ पकडतं. सत्ता मागे हटली नाही, सत्तेने तिला नेलं, ती रात्र तिने कोठडीत काढली आणि दुसऱ्या दिवशी सुटली. म्हणून वाक्य असं लिहा की थांबण्याची ती हालचाल स्थिर फोटोत मागे हटण्यासारखी दिसते आणि त्यामुळे बघणाऱ्याला तिच्या बाजूचं बळ जाणवतं. "दिसते" आणि "आहे" यातला फरक सांभाळला की सरांची समासातली टीप निम्मी संपली.

आणि कृपा करून देवी करू नका तिची. आपल्याला ती सवय आहे, बाई खंबीर दिसली की लगेच दुर्गा. गंमत म्हणजे तिने स्वतः नंतर फेसबुकवर लिहिलं त्याचा भाव असा होता की हे देवाचं काम, मी फक्त पात्र. आपल्या भाषेत निमित्तमात्र. माणूस स्वतःला निमित्त म्हणतोय आणि जग त्याला पुतळा बनवतंय.

पुतळ्यावरून आठवलं, हे उदाहरण तुम्ही नक्की घ्या. १९६३, बर्मिंगहॅम, अलाबामा. एपी या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या बिल हडसनने ३ मेला काढलेला फोटो, पोलिसाने एका शाळकरी कृष्णवर्णीय मुलाचा स्वेटर धरलाय आणि पोलिसाचा कुत्रा मुलाच्या पोटाशी झेपावतोय. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आला. त्या फोटोने अमेरिकेचं जनमत हलवलं असं म्हणतात आणि त्यात बरंच तथ्य आहे. पण तो मुलगा मोर्चात नव्हताच, बघायला आलेला होता. मुलगा शांतपणे सहन करतोय असं सगळ्यांनी वाचलं, नीट बघितलं तर त्याचा गुडघा वर आलेला आहे, म्हणजे तो अगदीच काही न करता उभा नव्हता. पुढे त्याच शहरात केली इनग्रॅम पार्कमध्ये या प्रसंगाचा पुतळा उभा राहिला, त्यात पोलीस आडवातिडवा मोठा आणि मुलगा लहानखुरा, हात मागे टाकलेला, पूर्ण स्वाधीन झालेला. फोटोत जे होतं त्यापेक्षा लोकांना जे वाचायचं होतं ते पुतळ्यात आलं.

यावरून अभ्यासकांनी एक टोचणारा मुद्दा मांडलाय, मला तो पटतो. गोऱ्या संपादकांच्या वर्तमानपत्रांनी त्या काळात पुन्हापुन्हा असेच फोटो निवडले ज्यात कृष्णवर्णीय माणूस मार खातोय, शांत आहे, निरुपद्रवी आहे, कारण तशा माणसाबद्दल सहानुभूती वाटणं वाचकाला सोपं जातं. लढणारा, ओरडणारा माणूस अवघड जातो. हा प्रश्न बॅटन रूजच्या फोटोलाही विचारायचा. ती ओरडत असती, तोंड उघडं, हात वर, तर फोटो इतका फिरला असता का? माझं प्रामाणिक मत, नाही. बातमी म्हणून छापला असता, घराघरातल्या फोनवर गेला नसता.

याची परीक्षा घ्यायला एक फोटो आहे. ऑगस्ट २०१४, मिसूरी राज्यातलं फर्ग्युसन, मायकल ब्राउन या कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसाने मारल्यानंतर काही दिवसांनी, रात्री, सेंट लुइस पोस्ट-डिस्पॅच या वर्तमानपत्राच्या रॉबर्ट कोहेनचा फोटो. अमेरिकी झेंड्याचा शर्ट घातलेला एक तरुण अश्रुधुराची जळती नळकांडी फेकतोय, ठिणग्यांची शेपटी मागे, आणि दुसऱ्या हातात वेफर्सचं पाकीट. काहींनी वाचलं पोलिसांवर हल्ला, काहींनी वाचलं प्रतिकार, तो स्वतः म्हणाला मी ती लहान मुलांपासून आणि आमच्यापासून लांब फेकत होतो. त्या वर्तमानपत्राच्या फोटोग्राफर्सना पुढच्या वर्षी पुलित्झर हे पत्रकारितेतलं मोठं बक्षीस मिळालं, त्या तरुणावर खटला भरला गेला. इथे पोलीस फ्रेममध्ये दिसतही नाहीत तरी तणाव आहे, कारण ती नळकांडी कुठून आली हे बघणाऱ्याला माहीत आहे. आणि ते वेफर्स! बावीस वर्षं मी फोटो निवडले, असा तपशील ठरवून मिळत नाही. माणूस दंगल करायला घरून निघताना वेफर्स घेऊन निघत नाही, एवढं तरी त्या पाकिटावरून म्हणता येतं. बॅटन रूज आणि फर्ग्युसन शेजारी ठेवलेत तर निबंध आपोआप उभा राहील, एकात तणाव थांबल्यामुळे आहे, दुसऱ्यात फेकण्यामुळे, आणि बघणाऱ्यांनी पहिल्यावर जितकं पटकन प्रेम केलं तितकं दुसऱ्यावर केलं नाही.

कॅप्शनबद्दल थोडं, कारण मराठीत लिहिताना इथेच सगळे घसरतात. रॉयटर्सच्या कॅप्शनचा मजकूर कोरडा आहे, स्टर्लिंगच्या मृत्यूचा निषेध करणाऱ्या निदर्शकाला पोलीस मुख्यालयाजवळ ताब्यात घेतलं जातंय, शहर, राज्य, तारीख, बस. धैर्य, अन्याय, असले शब्द नाहीत. आपल्या डेस्कवर याच फोटोला काय काय लागू शकतं बघा: "ताब्यात घेतले", "अटक", "उचलले", "धरपकड", "मुसक्या आवळल्या". फोटो तोच, पण "मुसक्या आवळल्या" म्हटलं की ती गुन्हेगार झाली आणि "उचलले" म्हटलं की पोलीस गुंड झाले. तुमच्या निबंधात तुम्ही एका पानावर अटक लिहिलंय आणि दुसऱ्यावर फरफटत नेलं. फरफटत तर नेलंच नाही, तो शब्द काढा. आणि लोकांना काय म्हणायचं तेही एकदा ठरवा, तुम्ही कृष्णवर्णीय, आफ्रिकन-अमेरिकन, काळे असे तिन्ही आलटून पालटून वापरलेत. आपल्या पेपरात कृष्णवर्णीय चालतं, बोलताना ब्लॅक चालतं, "काळे" मराठीत हिणवल्यासारखं वाजतं म्हणून मी टाळतो. एक शब्द घ्या आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

मसुद्याच्या शेवटी तुम्ही दलित पँथरचा परिच्छेद जोडलाय. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या पँथरने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून नाव घेतलं ही खरी नाळ आहे, खोटी नाही. पण या निबंधात तिचं काम काय? या फोटोतली एकही गोष्ट त्यामुळे जास्त कळत नाही. तो वेगळा निबंध करा, मी आनंदाने वाचेन.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर, आधी झाकून बघा आणि तणाव कुठल्या जागेत आहे ते दाखवा, मग त्या जागेला इतिहास कुठून मिळतो ते सांगा पण बाहेरचं बाहेरचं म्हणून सांगा, मग हाच फोटो का निवडला गेला, का फिरला ते विचारा. एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती, फोटोत काय मावलं नाही.

हा फोटो बघून असं वाटतं की इकडे पोलीस, तिकडे कृष्णवर्णीय, आणि मध्ये रस्ता. चौकट तशी पाडली आहे, तिच्यात तिसरं कोणी नाही. पण त्याच शहराच्या पोलीस दलात मॉन्ट्रेल जॅक्सन नावाचा कृष्णवर्णीय पोलीस होता. फोटोच्या आदल्या दिवशी त्याने फेसबुकवर लिहिलं होतं, थकलोय, गणवेशात असलो की लोक द्वेषाने बघतात आणि गणवेश उतरवला की काही जण मलाच धोका समजतात. १७ जुलैला, म्हणजे हा फोटो जगभर फिरून आठ दिवस होत नाहीत तोच, बॅटन रूजमध्ये एका बंदूकधाऱ्याने तीन पोलीस मारले. त्यातला एक जॅक्सन.

त्याचा असा फोटो कोणी काढू शकत नाही. त्या मधल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस उभा कसा करणार? कॅमेऱ्याला एका बाजूची काच लागते, एका बाजूचा चेहरा लागतो. हा मुद्दा लिहा म्हणजे बॅकमनचा फोटो खोटा ठरतो असं अजिबात नाही, उलट तो कशाने इतका स्पष्ट झाला ते कळतं, त्याने काय बाहेर ठेवलं त्याने. तसंच स्टर्लिंगच्या प्रकरणाचं पुढे काय झालं तेही दोन ओळीत असू द्या. २०१७ मध्ये केंद्र सरकारने आणि २०१८ मध्ये राज्याने त्या पोलिसांवर गुन्हा दाखल करायला नकार दिला, गोळ्या घालणाऱ्याला नोकरीवरून काढलं, आणि २०२१ मध्ये शहराने स्टर्लिंगच्या मुलांना ४५ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. फोटोत जो क्षण थांबलाय तो प्रत्यक्षात पाच वर्षं चालू होता.

आता एक काम करा. त्याच क्षणाच्या आसपास एपीच्या फोटोग्राफरनेही तिचाच फोटो काढलाय, त्यात पोलिसांनी तिला धरलेलं दिसतं. तो शोधा. दोन्ही फोटो एका पानावर प्रिंट काढून शेजारी ठेवा, मोबाइलवर नको, मोबाइलवर सगळंच छान दिसतं. दहा मिनिटं काही न लिहिता बघा आणि मग फक्त फरक लिहून काढा, विशेषणं न वापरता, हात कुठे, पाय कुठे, मधलं अंतर किती. एवढं एक पान झालं की इथेच टाका, मी बघतो. बाकीची सात पानं तोपर्यंत बाजूला राहू द्या.